हद्द कायम

आटपाडीहून सकाळी सातला निघालो.
जीपमध्ये मशीन, तिपाई, खुणेचे खांब,
मागच्या सीटवर दोन पोलीस, पेंगत.
गट नंबर चारशे सतरा, मौजे निंबखडी,
देवस्थान इनाम, वर्ग तीन.
कब्जेदार: देव.
देवाला नोटीस हातात देता येत नाही,
म्हणून ती देवळाच्या खांबाला डकवलेली
आणि खालचा कोपरा शेळीनं खाल्लेला.

माळावर माणसं आधीच जमली होती.
ट्रस्टचे अध्यक्ष पांढऱ्या गाडीतून उतरले,
म्हणाले, साहेब, तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळालाय,
पार्किंग, भक्तनिवास, कमान,
निधी मार्चला परत जाईल, जरा बघा.
पलीकडून माजी सभापती आले.
त्यांच्याही हातात नकाशा, त्याच झेरॉक्सवाल्याचा.
एक म्हणे माळोबा, एक म्हणे माळसाब.
मतदानाला सात आठवडे होते.

दस्तगीर मुजावर चिंचेखाली
ऊदाची डबी रुमालात बांधत होता,
सोडत होता, परत बांधत होता.
सोनाक्का गुरवीण रोजच्यासारखी
घागर घेऊन ओढ्याकडून वर येत होती.
सातबाऱ्यावर तिचं नाव शोधलं.
'इतर हक्का'च्या रकान्यात सासऱ्याचं सापडलं,
पुसट, एक वेलांटी चुकलेलं.
मुजावराचं तिथंही नव्हतं.

जुनं टिपण काढलं. मोडी,
शाई तपकिरी झालेली.
कुणी मोजणीदार उन्हात उभा राहून लिहून गेलेला:
'चिंचेपासून उगवतीस नऊ साखळ्या,
तेथे हद्दीचा दगड पुरला.'
मी चिंचेपासून निघालो.
माझ्यामागून गर्दी, बूट, चपला, अनवाणी टाचा,
वर धरलेले मोबाइल.
मशीन वाजलं तिथं थांबलो
आणि खाली बघितलं.

खाली देव होता.
बोटभर शेंदूर, त्यावर हिरवी चादर, चांदीचे डोळे.
बुडाशी, जिथं खपली निघाली होती,
छिन्नीनं मारलेली फुली.

तीस वर्षांत बांध कोरणारे पाहिले,
रात्रीतून भावाच्या वावरात दगड सरकवणारे पाहिले.
कपाळाला दगड टेकवून शपथ घेणारेही.
पण असं काही नाही.
तोंडाला कोरड पडली.

सोनाक्कानं घागर टेकवली, हळूच म्हणाली,
'ठावं हाय मला.
आमच्या आजसासऱ्यानंच साखळी धरली हुती सायबाची.
खड्डा ह्या दस्तगीरच्या पणज्यानं खांदला.
दगुड पुरला, माती बसावी म्हून पाणी वतलं.
दुसऱ्या दिशी बी वतलं.
मग थांबलंच न्हाई.'
आणि चादर एका हातानं अलगद वर धरून
तिनं दगडावर पाणी घातलं.

पंचनाम्यात यासाठी रकाना नव्हता.
मी लिहिलं, 'हद्दीचा दगड जागेवर आढळला.'
दोन्ही बाजूंनी सह्या केल्या, दोघेही खूश,
दोघांनीही गुलाल आधीच आणून ठेवला होता.

पुढच्या वर्षी कमान झाली.
रांगेची रेलिंग दगडाला चिकटून जाते,
आतून एक दर्शन, बाहेरून एक.
सोनाक्काच्या गळ्यात ओळखपत्र,
पाणी घालायची वेळ सहा ते सव्वासहा.
दस्तगीर कमानीबाहेर बसतो, पावती फाडून.

मी निवृत्त झालो. नकाशाची प्रत घरी आहे.
हद्दीची रेघ बारीक, माझ्याच हातची,
त्या दिवशी पेन्सिलीला दोनदा टोक केलं होतं.
पण त्या प्रमाणावर
रेघेच्या जाडीतसुद्धा माळावरची
दोन हात जागा मावते,
ना इकडच्या गटाची, ना तिकडच्या.
तिथं एक बाई घागर टेकवून उभी राहू शकते.
शेजारी एक माणूस ऊद पेटवून बसू शकतो,
तिनं थोडं सरकून घेतलं तर.